आतल्या खोलीतलं पाणी

गेल्या वर्षी भाद्रपदातल्या एका मंगळवारी दुपारी माझी धाकटी बहीण निर्मला सोलापुरात वारली. तिला सहा दिवस ताप होता. दवाखान्याच्या कागदावर डेंग्यू असं लिहिलं होतं. मी नाशिकहून निघाले तेव्हा ती होती, पोचले तेव्हा नव्हती.

यंदा तिच्या वर्षश्राद्धासाठी मी पुन्हा त्याच रस्त्याने निघाले. आणखी एक काम होतं. निर्मलाची एकुलती मुलगी मेघना सात महिन्यांची गरोदर होती, आणि पहिलं बाळंतपण माहेरी या रिवाजाप्रमाणे करमाळ्याचं सासर सोडून वडिलांकडे येऊन राहिली होती. म्हणजे जिथे आई तापाने फणफणली त्याच घरात, त्याच खोलीत. मी महिनाभर फोनवर सांगत होते, नाशिकला ये, माझ्याकडे दोन खोल्या आहेत, नळाला चोवीस तास पाणी आहे, खिडक्यांना जाळ्या आहेत. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "बघू गं मावशी." शेवटी मी विचारणं सोडलं आणि तिला घेऊनच यायचं ठरवलं. मी आयुष्यभर वाचनालयात काम केलं आहे. पुस्तक उशिरा परत आलं तरी चालतं, पण हरवलं की ते कुणामुळे हरवलं हे मला कळावं लागतं. निर्मलाच्या बाबतीत मला ते अजून कळायचं होतं.

एसटीची माझ्या बाजूची काच बंद होत नव्हती. नगरपर्यंत वारं अंगावर घेतलं, नगरला चहा घेतला, तो म्हणजे नुसतं गोड पाणी होतं. पुढे रस्ता उघडा होत गेला. बाभळी, मध्येच उसाचा एखादा हिरवा तुकडा आणि पुन्हा माळ. करमाळ्याला एक म्हातारी चढली. तिने हातातला मोठा पांढरा कॅन न विचारता माझ्या पायांशी ठेवला आणि शेजारी बसली.

"कुटं निघालाव?"

"सोलापूरला."

"मी बी. लेकाकडं. मेंढरं धाकल्याच्या गळ्यात टाकली अन् निघाले चार दिस."

कॅन जड दिसत होता. मी विचारलं, "तेल आहे का?"

"पाणी हाय की! आमच्या बोरचं."

"सोलापूरला पाणी घेऊन चाललात?"

"मग? शेरात ऱ्हातो न्हवं लेक. तितं पाचव्या दिशी नळ येतो. सून फोनवर म्हनली, आत्या, भाजीबिजी काय आणू नका, पाणी तेवढं आणा." ती हसली. पुढचे दोन दात नव्हते. "आमच्या माळाला आजवर कुणी पाणीवालं म्हनलं न्हवतं. आता शेरवाले म्हंत्यात."

टेंभुर्णीच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली, कॅनचं झाकण सैल झालं आणि माझी पिशवी भिजली. आत तीन पुस्तकं होती. मी ती काढून झटकू लागले. म्हातारी झाकण आवळत माझ्याकडे बघत म्हणाली, "पुस्तकंच हायती, वाळतील की. माझं पाणी गेलं ते गेलं." पुढचा तासभर ती माझ्यावर रागावलेली होती. चूक माझी कशी, ते मला कळलं नाही, तरी मी माफी मागितली.

सोलापूरला उतरले तेव्हा चार वाजले होते आणि ऊन अजून भाद्रपदात असावं त्याहून कडक होतं. रिक्षावाल्याला भवानी पेठ म्हटल्यावर त्याने विचारलं, "कौनसी गली मा? पानी का दिन होयेंगा तो अंदर नै आता मैं. पूरी गली में पाइपां पडे रैते." मी म्हटलं, मला माहीत नाही. त्याने रस्त्यावरच्या एका बाईला विचारून खात्री केली आणि मगच आत शिरला.

निर्मलाची गल्ली मी पंचवीस वर्षं ओळखते आणि पंचवीस वर्षं ती मला कोंदट वाटते. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं इतकीच रुंदी. डाव्या हाताला घरं, उजव्या हाताला घरं, आणि घरांच्या मागे यंत्रमागाचे कारखाने. टॉवेल विणणाऱ्या मागांची खडखड सकाळी सुरू होते ती संध्याकाळी कधी थांबली हे थांबल्यावरच कळतं. निर्मलाच्या घरात एकामागे एक अशा दोन खोल्या आहेत. मागच्या खोलीला एक खिडकी आहे, ती कारखान्याच्या भिंतीकडे उघडते. उघडली की सुताचा भुगा आत येतो, अंथरुणावर बसतो, छातीत जातो. म्हणून ती मेघनाच्या जन्मापासून बंद आहे.

सुरेशराव, म्हणजे निर्मलाचे यजमान, दारात उभे होते. कारखान्यात माग दुरुस्त करायचं काम करतात, त्यामुळे कानाने कमी ऐकतात आणि मोठ्याने बोलतात. "ताई, या. बस वेळेवर आली म्हणायची."

मेघना आत कॉटवर बसली होती. चेहरा सुजल्यासारखा वाटला, पण सात महिन्यांत तसं होतंच, असं मी स्वतःला सांगितलं. मग माझं लक्ष कॉटच्या मागे गेलं. भिंतीला लागून तीन निळी बॅरलं (प्लास्टिकची मोठी पिंपं) उभी होती. तोंडाला जुन्या साडीचं कापड दोरीने बांधलेलं. एकाचं कापड मध्ये लोंबून पाण्याला टेकलं होतं. तिची उशी आणि ते बॅरल यांच्यात हातभर अंतर होतं.

"हे आत कशाला?"

"बाहेर ठेवलं की ते येऊन ओतून देतात," सुरेशराव म्हणाले.

"कोण ते?"

"तपासणीवाले."

मी पुढे काही विचारायच्या आत मेघनाने ताट वाढलं. कडक भाकरी (बरेच दिवस टिकणारी, पापडासारखी वाळवलेली ज्वारीची भाकरी), शेंगदाण्याची चटणी आणि दही. ती भाकरी मला फार आवडते. त्या दिवशी ती चावताना माझ्याच डोक्यात आवाज होत होता आणि मी त्या कापडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला शेजारची पद्मक्का ओरडली, "पाव्हणे आले ओऽऽ!" पद्मक्का विड्या वळते. तिच्या घरात तेलुगू बोलतात आणि गल्लीत सोलापुरी मराठी. श्राद्धाला कुणी लवकर आलं असेल असं समजून मी पदर सारखा केला आणि चहाचं आधण ठेवायला उठले. तोवर गल्लीभर एक विचित्र आवाज सुरू झाला. फरशीवरून जड प्लास्टिक घसटत नेल्याचा. समोरच्या घरातल्या सुनेने दारातलं बॅरल मिठी मारून आत ओढलं. पलीकडच्या आजीने कळशी खाटेखाली सारली. दोन मिनिटांत गल्ली रिकामी आणि कोरडी. मग कोपऱ्यावरून पाहुणे आले. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी, खांद्याला पिशवी अशी एकटी तरुण बाई होती. डासांच्या अळ्या तपासणारी.

ती आमच्या दारात थांबली. "पाणी साठवलेलं आहे का?"

"दोनच बॅरलं आहेत, मोरीत," मेघना म्हणाली. इतकं सहज म्हणाली की तिला शाळेत पाठांतराला का बक्षिसं मिळायची ते मला आठवलं.

मी म्हटलं, "आतल्या खोलीत तीन आहेत."

मेघनाने माझ्याकडे बघितलं. मी बाजूला झाले आणि त्या बाईला आत घेतलं. तिने कापडं सोडली, बॅटरी मारली. पहिल्या बॅरलमधलं पाणी स्वच्छ होतं. दुसऱ्यात, तळाशी वीतभर पाण्यात, आखूड दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळत वर येत होतं आणि प्रकाश पडला की खाली जात होतं. तिसऱ्यात त्याहून जास्त. "बघा," ती मला म्हणाली, मेघनाला नाही. मी बघितलं. वर्षभर मी यावर जे मिळेल ते वाचलं होतं, चित्रं पाहिली होती. प्रत्यक्षात ते इतकं उत्साही असेल असं वाटलं नव्हतं.

दोन्ही बॅरलं तिने आणि मी मिळून दाराबाहेर कलंडली. पाणी गटारात गेलं. गल्लीतल्या बायका आपापल्या उंबऱ्यावर येऊन ते जाणारं पाणी बघत होत्या.

"आठवड्यातून एकदा घासून पूर्ण कोरडं करायचं," ती बाई म्हणाली. "हे लोक पाच दिवसांनी नवं पाणी आलं की जुन्यावरच ओततात. तळ कधी कोरडा पडतच नाही."

"तुमच्या घरी किती बॅरलं आहेत?" मी विचारलं.

"सहा." ती ओशाळली नाही. "आमच्याकडं तर सहाव्या दिवशी येतं. पण मी घासते हां. नवरा बोंबलतो, तरी घासते." मग खालच्या आवाजात म्हणाली, "या गल्लीत पहिल्यांदा कुणी आत बोलावलं मला. नाहीतर दारातूनच, नाही हो ताई, काही नाही हो ताई."

ती गेल्यावर मेघना आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. पद्मक्का तेंदूच्या पानांचं सूप घेऊन आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. तिची बोटं पान कापत होती, तंबाखू भरत होती, दोरा गुंडाळत होती, आणि नजर माझ्यावर होती.

"ताई, तुमी लई शिकल्याव."

मी बॅरलांवरून सोडलेली कापडं गोळा करत होते.

"उद्या पाणी न्हाय आलं तर काय वाचून दाखवनार का पोरीला?"

"पद्मक्का, त्यात अळ्या होत्या. त्याच डासांनी निर्मला गेली."

"असंल की. न्हाय कोन म्हंतंय?" तिने एक विडी सुपात टाकली. "पन आत ठेवायची युक्ती कुनाची, ठाव हाय? तुमच्या बहिनीची. आमी येड्यावानी दारात ठेवत होतो, त्ये येऊन ओतत होते, आमी रडत होतो. निर्मलाक्का म्हनली, रडताव कशाला, आत घ्या. अन् 'पाव्हणे आले' म्हनून वरडायचं बी तिनंच ठरवलं. आधी तीच वरडायची. आता मी वरडते."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. कौतुकाने सांगत होती. गल्लीत आजही निर्मलाचं नाव एक हुशार बाई म्हणून घेतात. रोज वर्तमानपत्र वाचणारी, सगळ्यांचे अर्ज लिहून देणारी. आणि त्या हुशारीने तिने गल्लीतलं सगळं पाणी, त्यातल्या सगळ्यासकट, माणसांच्या उशाशी आणून ठेवलं. मला तिचा भयंकर राग आला. वर्षभर मी तिच्यासाठी रडले होते. तिच्यावर ओरडावं असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि ओरडायला समोर फक्त पद्मक्का होती, जी माझ्यासाठी चहा घेऊन ये असं आपल्या सुनेला तेलुगूत सांगत होती.

शनिवारी नळाचा दिवस होता. सकाळी गल्लीत पाइप पसरले, बायका कंबर कसून उभ्या राहिल्या. अकरा वाजले, बारा वाजले. दुपारी कुणाच्या तरी फोनवर निरोप आला की मुख्य वाहिनी फुटली आहे, आज पाणी नाही, उद्याचं सांगता येत नाही. बायकांनी पाइप गुंडाळले. गुंडाळताना प्रत्येकीने एकदा माझ्याकडे बघून घेतलं. आमच्या घरी आतलं एक बॅरल अर्धं होतं आणि मोरीतली दोन तळाला गेली होती.

रविवारी श्राद्ध. गुरुजी दहाला येणार. त्याआधी तीन माणसांच्या अंघोळी, फरशी पुसणं, स्वयंपाक, हात धुणं, पाय धुणं. श्राद्धाला किती पाणी लागतं हे मला त्या दिवशी कळलं. सुरेशराव तांब्याने मोजल्यासारखं पाणी घेत होते. मला म्हणाले, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." कानाने कमी ऐकतात, म्हणून हे त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की गल्लीला ऐकू गेलं. मी मोरीत जाऊन उभी राहिले. स्वतःच्या बहिणीच्या श्राद्धाचं पाणी मी स्वतः गटारात ओतलं होतं. ते ओतायलाच हवं होतं. दोन्ही खरं होतं आणि दोन्हींचा वैताग सारखाच होता.

साडेआठला पद्मक्का डोक्यावर घागर घेऊन आत आली. "कुटं ठेवू?" तिच्यामागे समोरची सून, कडेवर कळशी. तिच्यामागे पलीकडची आजी, जिला स्वतःला नीट चालता येत नाही, ती नातसुनेच्या हातात तपेली देऊन. ज्यांनी खाटेखाली लपवलं होतं त्यांनीच आणून दिलं. आठ-दहा भांडी झाली. कुणी उपकाराचं बोललं नाही. आजी फक्त म्हणाली, "निर्मलीला तहान लागू नये."

मी धुतलेलं पांढरं फडकं घेतलं आणि एकेक भांडं त्यातून गाळू लागले. त्यांच्या समोर. उद्धटपणा होता, मला माहीत होतं. तिसऱ्या कळशीनंतर फडक्यावर दोन वळवळणारे तुकडे राहिले. कळशी समोरच्या सुनेची होती. ती वाकून बघत राहिली. तिचा दीड वर्षाचा मुलगा तिच्याच पदराला धरून उभा होता.

"हेच का ते?" तिने विचारलं.

"हेच."

"मला वाटलं, पाण्याचे किडे असतात, पाणी जिवंत आहे म्हणून असतात."

पद्मक्काने फडकं माझ्या हातातून घेतलं, तोंडाजवळ नेऊन बघितलं, आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. मग उरलेली भांडी तिनेच गाळली.

सोमवारी दुपारी पाणी आलं. मी आणि मेघना मोरीत बॅरलं घासायला बसलो. म्हणजे मी घासत होते आणि ती स्टुलावर बसून चुका काढत होती. तीन दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती. मी म्हटलं, "उद्या निघायचं. डॉक्टरांना विचारलंय मी, अजून प्रवास चालेल."

"मावशी, मी येणार नाही."

"मेघा, तू ते बघितलंस ना?"

"बघितलं." तिने बॅरलाच्या काठावर राहिलेला डाग मला दाखवला. "तुझ्या बिल्डिंगमध्ये शेजारी कोण राहतं?"

मी आठवू लागले. चौथ्या मजल्यावर चार दारं आहेत. एकावर पाटी आहे. "एक कुलकर्णी आहेत. बाकी… बदलत असतात."

"मला कळा सुरू झाल्या तर कुलकर्णी येतील?"

"मी आहे ना."

"तू साठीची आहेस आणि तुझे गुडघे दुखतात. इथं मी नुसतं 'आई गं' म्हटलं तरी पाच बायका दारात उभ्या राहतात. काल बघितलंस ना? गेल्या वर्षी आईला रिक्षात मी एकटीने नाही घातलं. पद्मक्काने पाय धरले होते." ती चिडून बोलत होती, पण रडत नव्हती. "पाणी तुझ्याकडे आहे, माणसं इथं आहेत. माझ्या पोटात बाळ आहे, मी काय घेऊ सांग."

जे घर तिच्या आईला आजारी करतं तेच तिला उचलून दवाखान्यात नेतं, हे वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं. मी म्हटलं, "मग बॅरलं बाहेर."

"बाहेर ठेवली की ओततात."

"घट्ट झाकणाची असली आणि घासलेली असली तर ओतत नाहीत. मी त्या बाईला विचारलंय."

संध्याकाळपर्यंत आमची यावर घासाघीस चालली. सुरेशरावांनी कारखान्यातून पत्र्याची झाकणं कापून आणली, काठ वळवून बसतील अशी केली. माग दुरुस्त करणारा माणूस झाकण करतो तेव्हा ते घट्ट बसतं. समोरच्या सुनेने तिच्या दोन बॅरलांची मापं त्यांच्याकडे देऊन ठेवली. पलीकडच्या आजीने नको म्हटलं. तिच्या मते झाकलेलं पाणी कुबट होतं. मी तिच्याशी अर्धा तास वाद घातला आणि हरले. मागच्या खिडकीला बारीक जाळी मारली, म्हणजे डासही नको आणि भुगाही कमी. ती उघडल्यावर मागांचा आवाज दुप्पट झाला, आणि खोलीत पहिल्यांदा वारा आला. मेघना म्हणाली, या आवाजात बाळ झोपणार कसं? मी म्हटलं, तू झोपलीस तसं.

मंगळवारी सकाळी मी एकटी निघाले. परतीच्या गाडीत काच बंद होत होती. नगरजवळ पाऊस होता. घरी येऊन नळ सोडला, पाणी आलं, बंद केला. जिन्यात एक माणूस भेटला, त्याने मान हलवली. कुलकर्णी असतील, किंवा नसतील.

मेघना सोलापुरातच आहे. तिला आठवा महिना लागला आहे. मी रोज संध्याकाळी फोन करते, आधी ताप विचारते, मग बाकीचं. ती बाई पुन्हा येऊन गेली, कुणी ओरडलं की नाही ते मी विचारलं नाही. दोन बॅरलं बाहेर आहेत, दोन मोरीत. एक तिने बाळंतपणासाठी म्हणून पुन्हा आत घेतलं आहे. त्यावरून आमचं रोज भांडण होतं.